मतं खाल्ली म्हणजे काय?

संपादक महोदय,

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात एक हेडिंग हमखास असतं, 'अपक्षाने मतं खाल्ली'. दरवेळी वाचून चीड येते. मतं काय आधीच कुणाच्या सातबाऱ्यावर चढवलेली असतात का? खरा घोळ मोजायच्या पद्धतीत आहे. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, आणि मग तिसऱ्या माणसाबद्दल लोक म्हणतात, चांगला आहे हो पण येणार कुठे निवडून, मत कशाला वाया घालवा. झालं, उरले दोघं. फ्रान्सचे राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी हे १९५० च्या दशकातच सांगून ठेवलंय. (कॅनडात हीच पद्धत असून पक्ष बरेच आहेत, मान्य.)

अमेरिकेत १९९२ ला अध्यक्षपदासाठी रॉस पेरो अपक्ष उभे राहिले, जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली आणि इलेक्टोरल मतं (राज्याराज्यातून मिळणारी, ज्यांच्यावर अध्यक्ष ठरतो ती) शून्य, कारण एकाही राज्यात ते पहिले आले नाहीत.

त्याच देशातल्या मेन राज्याचं तर बघाच. २०१० ला गव्हर्नर ३८ टक्क्यांहून कमी मतांवर निवडून आला आणि दुसऱ्या नंबरवर होता अपक्ष! म्हणजे मतं खाल्लीच म्हणायची तर तिसऱ्या आलेल्या मोठ्या पक्षाने खाल्ली, पण तसं कोण म्हणतंय. मग २०१६ ला लोकांनी सार्वमतात पसंतीक्रम मंजूर केला, १, २, ३ नंबर द्यायचे, कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली तर शेवटचा बाद आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला. २०१८ ला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या मेनच्या एका जागेवर पहिल्या मोजणीत मागे पडलेला उमेदवार अपक्षांच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीवर जिंकला. आणि गव्हर्नरच्या मुख्य निवडणुकीला मात्र ही पद्धत लागूच नाही, मेनची स्वतःची राज्यघटना आडवी आली!

याने अपक्ष धडाधड निवडून येतात असंही नाही, ऑस्ट्रेलियात पसंतीक्रम १९१८ पासून आहे तरी खालच्या सभागृहात दोन मोठ्या गटांचंच चालतं, फक्त मनातल्या माणसाला १ नंबर देताना हात अडखळत नाही एवढंच. आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडतात, तिथे अपक्ष बऱ्यापैकी येतात कारण सगळ्यांना मागे टाकावं लागत नाही, कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारा मतांचा ठरलेला आकडा, भरला की काम झालं.

तेव्हा पुढच्या निकालाला निदान 'अपक्षाला इतकी मतं मिळाली' एवढं तरी छापा.

आपला एक वाचक