टिपणवही कुणापुढे उघडायची

प्रिय शोभा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. माझे गुडघे आहेत तसेच, ह्यांची साखर आटोक्यात. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि हे तुझ्याशिवाय कुणाच्या कानावर जायला नको आहे.

गेल्या गुरुवारी आपल्या बातम्यांच्या गटाच्या बैठकीत मी माझी टिपणं द्यायला नकार दिला. टिपणं नाहीत तर बातमी नाही, हा आपल्या गटाचा नियम कुणी आणला ते तुला माहीत आहे. तुझी रेशनची बातमी मी त्याच नियमावर अडवली तेव्हा आपलं जे वाजलं होतं, ते आठवून तू आता पदराआड हसत असशील. हस. पण सगळं ऐकून घे.

गावाचं नाव लिहीत नाही. शिबिरात तू पिठलं करपवलंस आणि नानांनी ते दोनदा मागून घेतलं, ते गाव. तिथे मार्चपासून टँकर चालू आहे. कागदावर दिवसाला ३ खेपा, १२,००० लिटरचा टँकर. म्हणजे ३६,००० लिटर, माणशी २० लिटर धरले तर १,८०० माणसांचं पाणी. प्रत्यक्षात बहुतेक दिवशी एकच खेप येते. तेव्हा माणशी ७ लिटरही पडत नाहीत, आणि जनावरं तर त्या हिशेबात धरलेलीच नाहीत. खेप उतरली की लॉगबुकात गावातल्या बाईची सही घेतात. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे, पाणी आलं की नाही हे बाईइतकं कुणाला कळणार? तर सही करणाऱ्यांपैकी एकीने मला सांगितलं की सह्या आठवड्याच्या एकदम घेतात. सांगताना तिने दोनदा दाराकडे बघितलं. माझं नाव कुठे येणार नाही ना, असं विचारलं, आणि मी नाही म्हणाले.

गटात आता एक नवा मुलगा आहे. इंजिनिअर आहे, चटपटीत आहे, मनापासून राबतो. बातमी पडताळायची पाळी त्याची होती. तो म्हणाला, टिपणं सामायिक फोल्डरमध्ये टाका, मी त्या बाईंना फोन करून खात्री करून घेतो. नियमाने त्याचं बरोबर आहे. विकिन्यूजचं उदाहरणही त्याने दिलं. २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक तिथे बातम्या लिहीत आले. स्वतः जाऊन आणलेल्या बातमीची टिपणं चर्चापानावर मांडायची, आणि लिहिणाऱ्याने नाही, दुसऱ्याने ती तपासायची. मी म्हटलं, अरे, जे उघड करता येत नाही ते मोजक्या विश्वासू लोकांना ईमेलने पाठवायची सोयही तिथे ठेवलेली होती, तेही वाच. मग त्याने सीजीनेट स्वराचं काढलं. छत्तीसगडमध्ये २०१० पासून लोक फोनवर आपल्या भाषेत बातमी सांगतात, आणि ती पुढे जाण्याआधी उलट फोन करून खात्री केली जाते. उत्तम पद्धत आहे. पण ह्या बाईच्या घरात फोन एकच, तो मुलाच्या खिशात. उलट फोन गेला की पहिला प्रश्न हाच येणार, तुला कोण ओळखतं गं तालुक्याला?

मग म्हणाला, नाव खोडून द्या. शोभा, नाव खोडून काय होतं? सह्या करणाऱ्या बायका चार. टिपणात म्हैस लिहिली की तिघी गळतात, कारण म्हैस एकीच्याच दारात आहे. म्हैस काढली तर सहीच्या पानाचा फोटो उरतो, आणि अक्षर गावात कुणीही ओळखेल. आमचं फोल्डर असं आहे की आज नाव पुसलं तरी मागची आवृत्ती उघडून कुणीही ते वाचू शकतं. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला तर वेळ आणि जागेची नोंद गळून जाते, म्हणून फोटो डॉक्युमेंट करून पाठवा असं मीच सगळ्यांना शिकवलं. पडताळणीला ते फार कामाचं. पण तीच नोंद तिच्या अंगणापर्यंत वाट दाखवते. फोल्डर उघडता येणारे तीस जण आहेत. त्यातल्या एकाचा भाचा टँकरवर क्लीनर आहे. भाचा वाईट नाही, पण जेवताना माणूस काय बोलून जाईल ह्याची हमी कोण देणार?

तू म्हणशील, हेच मी तेव्हा सांगत होते. नाही गं, अगदी हेच नाही. तेव्हा तुझ्याकडे एका माणसाचं तोंडी सांगणं होतं आणि एकही कागद नव्हता. त्यावर मी बातमी अडवली, आज आली तरी अडवेन. राईनपाडा घडून किती दिवस झाले होते? १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात पाच भिक्षेकऱ्यांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, त्यातले बरेचसे आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडचे. त्या उन्हाळ्यात मोबाइलवर जो व्हिडिओ फिरत होता तो कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. शेवटी मोटारसायकलवरचे दोघे मूल परत आणून सोडतात, नेमकं तेवढं कापलेलं. 'कुणीतरी सांगितलं' एवढ्यावर माणसं मेली, म्हणून मी हट्टाला पेटले होते. तू दिवाळीपर्यंत बोलली नाहीस आणि चकल्या धाकट्याच्या हाती पाठवल्यास, तेही मला आठवतं. चकल्या मऊ होत्या, हे आज सांगते.

आताचा फरक असा की ही गोष्ट तिच्या शब्दावर टेकवायची गरजच नाही. तिने फक्त कुठे बघायचं ते दाखवलं. लॉगबुक आहे, टँकरला जीपीएस आहे, भरण्याच्या विहिरीपासून गावापर्यंतचं अंतर मोजता येतं. ह्या तीन गोष्टी जुळवल्या की बातमी उभी राहते आणि बाई त्यात कुठेच दिसत नाही. मी बैठकीत तेच सांगितलं. बातमीची टिपणं जरूर द्यायची, सगळ्यांनी बघायची. पण वाट दाखवणाऱ्याची वही वेगळी, आणि ती फक्त एकाने वाचायची. मास्तर म्हणाले, म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवायचा. मी म्हटलं, नका ठेवू, कागद बघा.

कागद मिळेपर्यंतच घोडं अडलंय. माहिती अधिकाराचा अर्ज एका गावापुरता केला तर संशय थेट चौघींवर जाईल, म्हणून तालुक्यातल्या सगळ्या टँकरगावांची लॉगबुकं आणि जीपीएसच्या नोंदी मागितल्या. उत्तराला ३० दिवसांची मुदत. तोवर मृग लागेल, टँकर बंद होतील, आणि कुणाला त्याचं काही वाटणार नाही. आज छापलं तर बाई उघडी पडते, थांबलं तर पाणी गेलं. रात्री ह्यावरच झोप मोडते.

आणि अंगावर आलं तर आपल्याला आडोसा नाही. वकीलकाकांना विचारलं. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात पत्रकाराला स्रोत सांगायची सक्ती नाही, पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं, कोर्टाला बांधत नाही. विधी आयोगाने १९८३ मध्येच ९३ व्या अहवालात कोर्टासाठीही अशी तरतूद सुचवली होती, ती आजवर झाली नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा २०१७ चा कायदा ज्यांचा मुख्य व्यवसायच पत्रकारिता आहे त्यांच्यासाठी. आपण बिनपगारी, त्यात बसतच नाही. आणि ज्यांचा व्यवसायच तो होता त्या शशिकांत वारिशेंना राजापुरात २०२३ च्या फेब्रुवारीत गाडीखाली घातलंच ना? मला माझं भय वाटत नाही. त्या बाईला कुठला कायदा आठवेल, सांग.

म्हणून एक मागणं. टँकर ज्या विहिरीवर भरतो, तिला लागून तुझ्या थोरल्या भावाचं रान आहे. तिथे बसून आठ-दहा दिवस कुठला टँकर किती वाजता भरून गेला एवढं कुणी लिहून ठेवलं तर अर्जाच्या उत्तराची वाट बघावी लागणार नाही, आणि विहीर दुसऱ्या गावात असल्याने चौघींकडे कुणाचं बोट जाणार नाही. तो कांदा काढायला तसाही तिथेच असतो. पण आधी त्याला स्वच्छ सांग की हे कशासाठी आहे. वहिनींनाही सांग. नको म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारू नकोस, मी दुसरी वाट काढेन.

तुझं काय? बडोद्याचं घर विकायचं ठरलं का? सुनेला सातवा लागला असेल, तिला फार दगदग करू देऊ नकोस. भाऊजींना नमस्कार.

उत्तर गुरुवारच्या आत हवंय. मेसेज करू नकोस, शाळेच्या पत्त्यावर स्पीडपोस्टने पाठव.

तुझी,
मंदा