आधी कल्चर, मग गोळी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझं वय ६२. कराड तालुक्यातल्या एका खेड्यात ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. ज्या विषयावर लिहिते आहे तो घरातसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणूनच वर्तमानपत्राला लिहिते आहे.

लघवीला जळजळ झाली की आमच्याकडे ‘उन्हाळे लागले’ म्हणतात. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी. मीही तेच करत आले. पण मध्यंतरी जून ते फेब्रुवारी एवढ्यात मला चार वेळा उन्हाळे लागले. कॅलेंडरवर त्या त्या तारखेला लाल फुली मारून ठेवली होती, म्हणून आकडा नक्की सांगते. एक फुली भर पावसातली, एक दिवाळीच्या आदल्या दिवसाची. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असा लघवीचा संसर्ग झाला, तर डॉक्टर त्याला ‘वारंवार होणारा’ म्हणतात आणि कारण शोधतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिल्या तीन वेळा मी मेडिकलच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला उभी राहिले आणि हळू आवाजात सांगितलं. दुकानदारानं गोळ्या आणि एक गोड-आंबट सिरप दिलं. दोन दिवसांत बरं वाटलं की मी उरलेल्या गोळ्या डब्यात टाकून द्यायची. सिरपनं जळजळ कमी होते, जंतू मरत नाहीत, हेही नंतर कळलं.

चौथ्या वेळी हुडहुडी भरून ताप आला, उजवी कूस ठणकायला लागली, पाणीसुद्धा पोटात ठरेना. मुलानं रात्रीच दवाखान्यात नेलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा लघवीचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवला आणि मगच इंजेक्शन सुरू केलं. औषध आधी पोटात गेलं तर जंतू नीट वाढत नाहीत आणि तपासणी फसते, म्हणून हा क्रम. नमुनाही सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जंतूचं नाव ई-कोलाय, आतड्यात राहणारा. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर: एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. मी तीनदा घेतलेल्या गोळीपुढे आर होता. बाईंनी मला रागावलं नाही. फक्त म्हणाल्या, ‘‘ताई, ही गोळी आता तुमच्या या जंतूला ओळखीची झालीय.’’ तो कागद मी जपून ठेवलाय.

मग त्यांनी शुगर तपासली, मूत्रपिंडात खडा नाही ना आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती शिल्लक राहते, हे सोनोग्राफीत पाहिलं. सगळं ठीक निघालं. तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘पाळी जाऊन किती वर्षं झाली?’’ बारा. हा प्रश्न मला त्याआधी कुणीच विचारला नव्हता.

पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात. ते तिथली आम्लता टिकवतात आणि बाहेरच्या जंतूंना थारा देत नाहीत. इस्ट्रोजेन घटलं की तेही कमी होतात आणि त्वचा पातळ, कोरडी पडते. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची आणि गुदद्वार जवळच. ही शरीराची ठेवण आहे, अस्वच्छपणा नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘स्वच्छता पाळत जा’ हे मी घरातल्यांकडून इतक्या वेळा ऐकलं होतं की दिवसातून चारचार वेळा साबण लावून धूत होते. बाईंनी आधी तो साबण बंद केला, साधं पाणी पुरे म्हणाल्या.

त्यांनी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. मला कॅन्सरची भीती वाटली, तसं विचारलंही. त्यांनी मला किंवा घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, पाळी गेल्यावर कधी रक्त गेलं का, हे विचारून घेतलं आणि सांगितलं की हे औषध जागच्या जागी काम करतं, रक्तात फार थोडं जातं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लावू नये. गेल्या अकरा महिन्यांत कॅलेंडरवर एकच फुली आहे. तीही कल्चर करून, योग्य गोळी पूर्ण घेऊन मिटवली.

आता पाण्याविषयी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी पाणी पिणाऱ्या, पाळी चालू असलेल्या १४० स्त्रिया होत्या. त्यातल्या निम्म्यांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं, आणि वर्षभरात त्यांचे संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले. हे बाईंनी सांगितलं तेव्हा मला आमची शाळा आठवली. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असे आणि चावी मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागच्या कपाटात. चारचौघांत सरांकडे ती मागायला नको, म्हणून आम्ही तिघी सकाळच्या चहानंतर घरी जाईपर्यंत घोटभर पाणी प्यायचो नाही. इतकी वर्षं.

माझी सूनही शिक्षिका आहे. परवा तिचा डबा भरताना पाहिलं, आदल्या दिवशीची पाण्याची बाटली तशीच भरलेली. विचारलं तर म्हणाली, ‘‘आई, चावी सरांकडे असते.’’ मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे, ती चावी शिक्षिकांच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवा. कुणाला मागावी लागू नये.

— एक निवृत्त शिक्षिका, कराड