आई, फोन घेऊ नकोस

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी ‘बरी आहे’ एवढं म्हणून तू फोन बाबांच्या हातात दिलास. मग बाबा हळूच म्हणाले, बोललं की कळ येते तिला. म्हणून हे पत्र. वाचायला जबडा हलवावा लागत नाही.

२०१७ च्या थंडीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा आपण सगळे दाढच समजलो. डावीकडच्या दोन दाढा काढल्या, आणि पंधरा दिवसांनी तू म्हणालीस, ‘नसलेली दाढ दुखतेय.’ बाबा हसले. मीही हसले, ते अजून टोचतं. मग दुखणं आपोआप थांबलं. पुढच्या खेपेला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं, हे नाव कळलं, कार्बामाझेपिनची गोळी सुरू झाली, आठवड्यात चेहरा शांत. सहा महिन्यांनी ‘बरी झाले’ म्हणून गोळ्या तू आपल्या मनानेच सोडल्यास.

काल जुनी फाईल काढून तारखा मांडल्या. दोन दुखण्यांच्या मधली उसंत आधी चौदा महिने, मग अकरा, मग पाच, आणि आता दिवाळीनंतर जेमतेम सहा आठवडे. गोळीचं उलटं, दिवसाला २०० मिलिग्रॅमवरून ८०० वर. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण बऱ्याच जणांचं होतं. म्हणजे दुखत नाही तेव्हाही आजार गेलेला नसतो गं, तो फक्त गप्प बसलेला असतो.

बाबा, तुम्ही वीज मंडळात तीस वर्षं काढलीत, तुम्हाला हे पटकन कळेल. मेंदूतून निघून चेहऱ्याकडे येणाऱ्या शिरेवर, म्हणजे त्या मज्जातंतूवर, एक रक्तवाहिनी टेकलेली असते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ती घासते आणि शिरेवरचं आवरण झिजतं. वायरचं इन्सुलेशन गेल्यावर जे होतं तेच. मग नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी शॉर्ट सर्किट. आईच्या एमआरआयमध्ये ती रक्तवाहिनी दिसलीच आहे.

मावशीकडच्या लग्नात आई नथ घालायला आरशासमोर बसली होती. तार नाकपुडीला लागली आणि ती तशीच थिजली. हात हवेत, डोळा घट्ट मिटलेला, गालावरून पाणी. अर्धा मिनिटसुद्धा झाला नसेल. नथ डबीत परत गेली ती आजपर्यंत. तेव्हा निदान दोन कळांच्या मध्ये काहीच दुखायचं नाही. आता मधल्या वेळातही गाल जळजळत राहतो म्हणतेस, हे नवीन आहे. डॉक्टरांना आठवणीने सांग. अशा सततच्या दुखण्यावर औषधही तितकंसं चालत नाही आणि ऑपरेशनही, म्हणून माझी घाई.

आणि बाबा, ‘वय झालं तिचं’ हे आता बंद. दूध उतू गेलं, न्हाणीघरात तोल गेला, त्याचं कारण रक्तात सापडलं ना? सोडियम १२६. ते १३५ च्या वर हवं. हा त्या गोळीचाच प्रताप. म्हणून डोस आणखी वाढवणं अवघड आहे, आणि एकदम बंद करणंही धोक्याचं. दर वेळी डॉक्टरांना विचारूनच.

ऑपरेशनचा विषय काढला की आई उठून स्वयंपाकघरात जाते. आता कागद हातात आहे, तर पूर्ण वाच. कानाच्या मागे लहानशी खिडकी करतात, शीर आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. शीर कापत नाहीत. त्या बाजूचं ऐकू येणं कमी होण्याचा धोका असतो, क्वचित त्याहून मोठाही, हे लपवत नाही. गालातून सुई घालून करायचे सोपे उपाय आहेत, पण त्यांत गाल बधिर होतो आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. तू सदुसष्टची आहेस, बीपी नाही, शुगर नाही. विचार करायचा तर आत्ताच, जेवण तुटून अंगातली ताकद जाण्याआधी.

मी शनिवारी येते आहे. एमआरआयची फिल्म कपाटावरून काढून ठेवा, सीडीसकट. तोवर चहा कोमट करून घे, बाहेर पडताना डावा गाल स्कार्फने झाक. येऊ का नको ते फोनवर सांगू नकोस. बाबांच्या मोबाइलवरून नुसतं ‘हो’ टाईप कर.

तुमची,
बेबी