मनूला, फोटो बघितल्यावर

मनू,

फोटो मिळाला गं. शिकागोच्या त्या म्युझियममध्ये एडवर्ड हॉपर या चित्रकाराच्या नाइटहॉक्स या चित्रासमोर उभी आहेस आणि खाली लिहिलंयस, आई मला उगाच रडू आलं. मग फोन का नाही केलास, इथे रात्र होती म्हणून काय झालं, मला कुठे झोप असते. तेव्हापासून मी त्या माणसाबद्दल वाचतच सुटलेय, बाबा म्हणतात तुझं बीएड पुन्हा सुरू झालं का.

चित्र मी मोबाईलवर मोठं करकरून बघितलं. रात्रीच्या त्या खानावळीला एवढी मोठी काच, पण रस्त्यावरून आत जायला दारच दिसत नाही, तुझ्या लक्षात आलं का? आणि ती लाल ड्रेसवाली, तिचा हात त्या माणसाच्या हाताला अगदी लागायला आलाय पण लागलेला नाही. ती म्हणजे हॉपरची बायको जोसेफीन, सगळे तिला ‘जो’ म्हणायचे. मॉडेल तीच. मी अडकले ती तिच्यापाशी.

कारण बघ, हा हॉपर 1913 मध्ये एक पेंटिंग विकतो, 250 डॉलरला, आणि मग दहा वर्षं एकही नाही! पोटासाठी मासिकांची चित्रं काढायची, ज्याचा त्याला मनापासून तिटकारा. (तुमच्या त्या बॅनर आणि थंबनेलसारखंच की.) 1923 च्या उन्हाळ्यात ग्लॉस्टरला ही भेटली, तीही त्याच्याच गुरूची, रॉबर्ट हेन्रीची विद्यार्थिनी, स्वतः चांगली पेंटर. हिनेच त्याला वॉटरकलरकडे वळवलं. त्याच वर्षी ब्रुकलिन म्युझियमने चित्रं मागितली ती हिची, हिने सांगितलं याचीही घ्या. झालं, म्युझियमने त्याचं एक 100 डॉलरला विकत घेतलं, पेपरवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि हिच्याबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या वर्षी लग्न.

मग ही त्याची मॉडेल, ही त्याची वहीवाली. कुठलं चित्र, साईज काय, कोणी घेतलं, केवढ्याला, सगळं वहीत. नाइटहॉक्स 1942 मध्ये 3000 डॉलरला गेलं. तो सहा फूट पाच इंच आणि बोलायच्या नावाने शंख, ती म्हणायची याच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं, फक्त तळाला गेल्याचा आवाज येत नाही. न्यूयॉर्कमध्ये 74 पायऱ्या चढून वर घर, शेगडीचा कोळसाही तेवढा चढवायचा, आणि भांडणं तर अशी की आपली चाळ बरी. त्याने मात्र 1966 ला शेवटच्या चित्रात दोन विदूषक काढले, स्टेजवर वाकून निरोप घेणारे, ते हे दोघंच. एवढं कळत होतं म्हणजे त्याला! मग आयुष्यभर तिच्या चित्रांना नावं का ठेवलीस रे बाबा, मला राग आला खरा.

तो 67 मध्ये गेला, ती पुढच्याच वर्षी. जाताना दोघांचं सगळं काम व्हिटनी म्युझियमला दिलं, त्याचं जपलं त्यांनी, तिची बरीच चित्रं इकडेतिकडे वाटली, कित्येकांचा पत्ताच नाही.

जावईबापूंबद्दल मी काही बोलत नाहीये हं, ते गुणी आहेत, त्यांचं एक्झिबिशन आहे तर तू धावपळ करणारच. फक्त गेल्या तीन कॉलमध्ये त्यांच्या फ्रेमा, त्यांची वेबसाईट, त्यांचे ईमेल एवढंच ऐकलं म्हणून विचारते, तू शेवटचं काय काढलंस?

काल माळ्यावरून तुझी इंटरमिजिएटच्या वेळची रंगांची पेटी काढायला लावली बाबांना, शिंकून शिंकून बेजार झाले. ब्रश गेलेत, मुंग्यांनी काय केलंय देवजाणे. ट्यूबा दगड झाल्यात सगळ्या, पण पांढरा दाबून बघितला तर टोकाला ओला निघाला, माझ्या चष्म्याला लागलाय अजून.

आई