शुभे, पेनिसिलिन मिळत नाहीये

शहादा,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय शुभे,

रागावली असशील. तुझे फोन येऊन गेले, मी उलट केला नाही. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, यांची पाठ अधूनमधून धरते, बाकी बरं चाललंय. फोनवर हे धड बोलता आलं नसतं म्हणून लिहायला बसले. इथे कुणाला सांगितलं तर ऐकून घेतात आणि म्हणतात, "बरं, मग?" तू 'मग' विचारणार नाहीस.

गेल्या आठवड्यात तुझ्या लॅबमधून तुझ्या सहीचा एक लघवीचा रिपोर्ट आला. जंतू ई. कोलाय, एक लाखावर कॉलनी, ईएसबीएल, म्हणजे पेनिसिलिन आणि सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम बनवणारा. ॲम्पिसिलिन, सेफिक्झाइम, सेफ्ट्रायॅक्सोन, सिप्रो, सगळ्यांपुढे आर, रेझिस्टंट, दाद नाही. तुझ्यासमोरून असे जंतू उगवलेल्या प्लेट्स रोज जात असतील. पण ही बाई कोण ते तुला कळायला हवं.

पस्तिशीची. निंदणीला, कापूस वेचायला जाते. शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. तिन्ही बाळंतपणं घरी झाली, दवाखान्यातल्या खाटेवर ती पहिल्यांदा झोपली ती माझ्याकडे. थंडी वाजून ताप, उलट्या, कमरेच्या वर उजवीकडे थाप मारली तर किंचाळली. कधी आयसीयू नाही, कॅथेटर नाही, ऑपरेशन नाही. आपण शिकलो तेव्हा ईएसबीएल हा मोठ्या हॉस्पिटलांचा जंतू होता ना गं? मग हिच्यात कुठून आला?

मी नवऱ्याला विचारलं, आधी काय काय औषध दिलं होतं. त्यानं पिशवी आणली आणि टेबलावर ओतली. सेफिक्झाइमच्या अर्ध्या खाल्लेल्या स्ट्रिपा. सेफ्ट्रायॅक्सोनच्या रिकाम्या बाटल्या, काहींच्या तळाशी अजून पिवळसर पाणी. ओफ्लॉक्सॅसिन. सहाशेपंचवीसची, म्हणजे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची, एक स्ट्रिप, चार गोळ्या शिल्लक. ती जपून ठेवली होती पुढच्या तापाला. सगळं एका वर्षातलं, तिचं, सासूचं, पोरांचं मिळून. सर्दीला, जुलाबाला, अंगदुखीला. एकट्या त्या पिशवीनं हा जंतू तयार केला असं मी म्हणत नाही. असे जंतू आता गावाच्या पाण्यात, घराघरातल्या पोटात वस्तीला आहेत. पण प्रत्येक तापाला सेफ्ट्रायॅक्सोन दिलं की पोटातले साधे मरतात आणि हे उरतात, हे तुला मी काय सांगायचं.

बीपी ९० वर आलेलं, क्रिएटिनिन १.६, म्हणजे किडनी दमलेली, म्हणून किडनीला त्रास देणाऱ्या अमिकॅसिनला हात आखडला. नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस, म्हणजे दाद, होतं, पण ते मूत्राशयापुरतं, किडनीच्या आत त्याचा उपयोग नाही. पाइपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढेही तू एस दिलेलं. मोह झाला. मग तू पाठवलेला २०१८ चा मेरिनो नावाच्या अभ्यासाचा पेपर आठवला: महिनाभरात मेरोपेनेमवर ३.७ टक्के दगावले, पाइपटॅझवर १२.३. तो अभ्यास रक्तात जंतू शिरलेल्यांचा होता, हे मला माहीत आहे, भांडू नकोस. पण तिचा बीपी बघून मी जोखीम घेतली नाही. मेरोपेनेम, ते जपून वापरायचं मोठं औषध, एक ग्रॅम, बारा-बारा तासांनी. समोरच्या मेडिकलवर चिठ्ठी पाठवली, पाच मिनिटांत पोरगा बाटल्या घेऊन हजर. तीन कंपन्यांचं होतं, कुठलं देऊ म्हणून विचारत होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बाई घरी गेली.

आता दुसरी गोष्ट ऐक, कारण दोन्ही मिळूनच मला झोप लागत नाहीये.

त्याच आठवड्यात धडगावकडच्या एका पाड्यावरची पोरगी आली. अकरा वर्षं, २९ किलो. आधी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग मनगट. पाऊल टाकलं की दम लागतो. स्टेथोस्कोप ठेवला आणि मला आपल्या कॉलेजचा धुळ्याचा वॉर्ड दिसला, बडे सर प्रत्येकाचा कान धरून हृदयातला तो मर्मर ऐकवायचे तो. एएसओ वाढलेलं, म्हणजे स्ट्रेप जंतू येऊन गेल्याची खूण. नंदुरबारला एको केला, हृदयाची मायट्रल झडप गळतेय. रूमॅटिक फीव्हर, घशातल्या स्ट्रेपनंतर सांधे आणि हृदय धरणारा. महिन्याभरापूर्वी घसा धरला होता, ताप होता, खोकला नव्हता, गिळवत नव्हतं. दुकानातून सेफिक्झाइम आणलं, दोन दिवसांत बरं वाटलं, सोडून दिलं. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं असतं, एक बेन्झाथिनची सुई किंवा दहा दिवस साधं अमॉक्सिसिलिन, तर ही झडप बहुतेक वाचली असती.

घसा पुन्हा धरून झडप आणखी बिघडू नये म्हणून या पोरीला आता बेन्झाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी. झडप अशीच गळत राहिली तर निदान चाळिशीपर्यंत. चिठ्ठी लिहिली. समोरच्या मेडिकलचा तोच पोरगा रिकाम्या हाती परत आला. म्हणाला, "मॅडम, हे आता कुणी लिहीतच नाही." शहाद्यातली सगळी दुकानं झाली, दोंडाईचा, नंदुरबार, शिरपूर झालं. होलसेलवाला म्हणाला, "ऑर्डर टाकून बघतो, येईल असं नाही." शेवटी आमच्या कंपाउंडरच्या मेहुण्यानं धुळ्याहून चार बाटल्या पैदा केल्या. शुभे, माझ्या तालुक्यात मेरोपेनेम पाच मिनिटांत मिळतं आणि बेन्झाथिन पेनिसिलिन मिळत नाही. याचा अर्थ काय होतो ते मला नीट मांडताही येत नाही.

कारणं मला समजतात. बाटली स्वस्त, त्यात दुकानदाराला सुटतं काय? पेनिसिलिन बनवायला कारखान्याचा वेगळा भाग ठेवावा लागतो, म्हणून बनवणारेही मोजकेच. रिॲक्शनची भीती आहेच. आणि टोचायला कटकट. पाणी घालून हलवलं की दाट दुधाळ होतं, जरा रेंगाळलं की सुईत अडकतं. जाड सुई लावून, पुन्हा हलवून, मी पोरीच्या कुल्ल्यात हळूहळू सोडत होते. ती ओरडली नाही, खाटेच्या कठड्यावर तिची बोटं पांढरी पडली होती. तिचा बाप बाजूला उभा. तो पावसाळ्यात गवंडीकाम करतो. त्यानं विचारलं, एवढं दुखवणारं औषध करतं काय? मी म्हटलं, जंतू आपल्याभोवती भिंत बांधत असतो, हे औषध त्याच्या गवंड्याचे हात धरून ठेवतं, भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. तो हसला. पहिल्यांदाच.

पण पंधरा दिवसांत ते सगळे ऊसतोडीला गुजरातेत निघालेत. कंपाउंडरनं गुजरातीत कार्ड लिहून दिलंय, तारखा घालून. उरलेल्या बाटल्या पुडक्यात बांधून दिल्यात. तिथला डॉक्टर ती टोचेल का? 'पेनिसिलिन' वाचलं की हात मागे घेतात. आठवतं, कॅज्युअल्टीत त्या माणसाला सुई बघूनच भोवळ आली होती आणि केसपेपरवर लाल अक्षरात 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलं गेलं? तू बडे सरांसमोर उभी राहून म्हणालीस, सर, हा तर टिटॅनसच्या सुईलाही पडला असता. अख्खा वॉर्ड हसला. सर हसले नाहीत. तू बरोबर होतीस. असा शिक्का बसलेल्या दहांतले नऊ जण पेनिसिलिन व्यवस्थित पचवतात, आणि तो शिक्का जन्मभर त्यांना महागाच्या, मोठ्या औषधांकडे ढकलत राहतो. विचारपूस नीट करावी, ॲड्रिनालिन हाताशी ठेवावं आणि टोचावं.

तुला मेसमधलं भांडण आठवतच असेल. तू म्हणायचीस, कल्चर, म्हणजे प्लेटवर उगवलेला जंतू, हातात आल्याशिवाय औषध लिहिणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं. मी म्हणायचे, १०४ ताप असलेल्या माणसाला तुझी प्लेट उगवेपर्यंत दोन दिवस काय सांगू? मी अजून तिथेच आहे. दहांतल्या नऊ पेशंटांना माझ्याकडे कल्चर नसतं, नसणार आहे. पण कल्चर नाही म्हणून सगळ्यांत मोठं औषध, हे कुणी ठरवलं? घसा असेल तर जंतू स्ट्रेप. पेनिसिलिनला दाद देत नाही असा स्ट्रेप पायोजेनेस आजवर पेशंटमध्ये सिद्ध झालेला नाही, ऐंशी वर्षं वापरून. तिथे सहाशेपंचवीस कशाला? स्ट्रेप पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम बनवतच नाही, त्यातलं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड फक्त जुलाब करतं. आणि नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर काहीच नको. गळू असेल तर जंतू स्टॅफ, त्याला चीर द्या, लागलंच तर सेफॅलेक्सिन द्या. आमच्याकडे गळवालाही सेफिक्झाइम देतात! स्टॅफवर ते जवळजवळ चालतच नाही. पोराला न्यूमोनिया, श्वास मोजला तर मिनिटाला पन्नासच्या वर, पण पितोय, खेळतोय, तर तोंडानं अमॉक्सिसिलिन भरपूर डोसात पुरतं. एवढं तर कल्चरशिवाय येतं. सेफ्ट्रायॅक्सोनशी माझं वैर नाही. टायफॉइडला, मेंदूज्वराला मी तेच देते, म्हणूनच तर ते सर्दीत उधळलेलं बघवत नाही.

मी इथल्या डॉक्टर मंडळींच्या बैठकीत बोलले. डब्ल्यूएचओनं २०१७ साली अँटिबायोटिकांचे ॲक्सेस, वॉच, रिझर्व्ह असे गट पाडले, अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, बेन्झाथिन पहिल्यात, आणि सेफिक्झाइम, सेफ्ट्रायॅक्सोन, मेरोपेनेम जपून वापरायच्या दुसऱ्यात. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांत ठरलं की २०३० पर्यंत वापरातली ७० टक्के ॲक्सेसमधली असावीत. ऐकलं सगळ्यांनी. मग आपल्यापेक्षा वरच्या बॅचचा एक जण म्हणाला, "सुमे, मी अमॉक्सिसिलिन लिहिलं तर पेशंट पलीकडच्या गल्लीत जाईल. तिथे त्याला सुई मिळेल." तो खोटं बोलत नव्हता. माझ्याकडेही म्हाताऱ्या येतात, हात पुढे करतात, "सुई लाई द्या ना, ताई." मी देत नाही. काही जणी परत येत नाहीत. एच-वन शेड्यूल आलं २०१४ साली, सेफिक्झाइम-सेफ्ट्रायॅक्सोनची नोंद दुकानदारानं रजिस्टरात ठेवायची. रजिस्टर आहे. नोंदी मीही बघितल्यात. डॉक्टरच्या नावाचा रकाना बघून पोटात गोळा आला.

आणि हे आपल्या राज्यात, जिथे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन बनवायला. तू नेहमी सांगायचीस त्या ऑक्सफर्डच्या पोलिसाची गोष्ट, १९४१ ची: औषध इतकं थोडं की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचत होते, तरी पुरलं नाही, तो गेला. तू गोष्ट तिथेच थांबवायचीस. माझ्या डोक्यात आता ती पोरगी येते. औषध सापडून इतकी वर्षं झाली आणि ते कारखान्यापासून शहाद्यापर्यंत पोचत नाही म्हणून तिची झडप जायची?

बरं. तुझ्या आईंचे गुडघे कसे आहेत? ऑपरेशन झाल्यावर चालणं सोडू देऊ नकोस. अनयला हवी ती ब्रँच मिळाली हे फेसबुकवर कळलं, माझ्याकडून पाठीत एक धपाटा दे. वहिनींशी बोलणं सुरू झालं का? भरिताची वांगी यायला लागलीत. डिसेंबरात ये, काड्यांवर भाजू, मळ्यातच जेवू. तुझ्या नाशिकच्या भरिताला मी भरीत म्हणत नाही, हा वाद आपण पुन्हा घालू.

आता काम सांगते, दोन आहेत. नाशिकला बेन्झाथिन मिळतंय का बघ, निदान दहा बाटल्या, एसटी पार्सलनं पाठव. मी ती पोरगी असेल तिथे पोचवेन, सुरतच्या बाजूला आपला बंडू आहे, त्याला आधीच गळ घातलीय, तो टोचायला तयार आहे. नऊ तारखेच्या आत मिळायला हव्यात.

दुसरं काम तुझ्या आवडीचं. वर्षभरात शहादा, तळोदा, धडगाव इथून तुझ्याकडे आलेले लघवीचे जेवढे रिपोर्ट असतील ते एकत्र कर, नावं काढून टाक आणि एका कागदावर मांडून दे: कुठला जंतू, कशाला किती टक्के दाद देतो. मोठमोठ्या हॉस्पिटलांचे तक्ते मी बैठकीत दाखवले की सगळे म्हणतात, ते मुंबईचं झालं. आपल्या तालुक्याचा आकडा दाखवला तर कुणाला तसं म्हणता येणार नाही. पेशंट दवाखान्यातला की थेट घरून आलेला, तो रकाना मात्र वेगळा ठेव. तुझ्या फॉर्मवर तो नसेल तर मी इथून एकेकाला फोन करून भरून घेईन.

तुझी,
सुमी