मालवणचा खाजा पाठवतोय

तासगाव, रविवार संध्याकाळ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पार्सलमध्ये खाज्याचे दोन पुडे आहेत. एक खोलीवरच्या पोरांना, एक फक्त तुझा. परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा, मालवण कसं होतं?" आणि मी "चांगलं होतं" म्हणून फोन आईकडं दिला. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

तू सातवीत होतास तेव्हा शाळेची सहल मालवणला गेली होती. सगळा वर्ग गेला, तू गेला नाहीस. बागेच्या औषधाच्या दुकानाची बाकी डोक्यावर होती. मी तुला म्हणालो, समुद्र कुठं पळून जात नाही. तू हट्ट केला नाहीस, रडलाही नाहीस. पण त्यानंतर समुद्राचं नाव तू घरात कधीच काढलं नाहीस, आणि ते मला आजवर सलतंय.

यंदा जुनी तास-ए-गणेश द्राक्षाची बाग काढली. त्यामुळं इतक्या वर्षांत पहिल्यांदा थंडीत फवारणी नाही, डावणी रोगाची धास्ती नाही, पहाटे उठून आभाळ बघणं नाही. आई म्हणाली, आता नाही तर कधी? दुसऱ्या दिवशी निघालो.

कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूरचं जंगल आणि मग फोंडा घाट. घाट उतरताना आईनं शाल काढून ठेवली, इतकी हवा बदलते. आपली काळी माती वरच राहिली, खाली सगळी तांबडी. बांधसुद्धा जांभ्या दगडाचे. कणकवली, कसाल करत दुपारी मालवणात पोचलो. राहायची सोय एका घरात होती. त्या काकूंना मी आपले बेदाणे दिले. बाग काढण्याआधीचे शेवटचे. त्यांनी येताना आईला आमसुलं बांधून दिली.

सकाळी जेटीवरून होडीनं सिंधुदुर्गावर गेलो. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, हे ध्यानात ठेव. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला या कामाचा मुहूर्त केला. त्या पूजेची जागा किनाऱ्यावर अजून आहे, मोरयाचा धोंडा म्हणतात. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत. किल्ला कुरटे बेटावर बांधला, तीन वर्षांत. ४८ एकर! आपल्या बागेसारख्या चोवीस बागा मावतील. पायाचे चिरे शिसं ओतून बसवले, म्हणून साडेतीनशे वर्षं लाटा खाऊनही तट उभा आहे. आणि दरवाजा असा वळणात लपवलाय की होडी अगदी तटाखाली जाईस्तोवर तिथं दरवाजा आहे हेच कळत नाही. आत गेल्यावर तटात दोन छोट्या घुमट्या आहेत. चुन्यात उमटलेला महाराजांचा हात आणि पाय. आईनं तिथं डोकं टेकलं. मी नुसता उभा राहिलो. तो पंजा बघताना माणूस तिथंच आसपास आहे असं वाटतं.

राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आत आहे. तिथल्या मूर्तीला दाढी नाही. आपल्या डोळ्यांपुढं महाराजांचं एकच रूप असतं, इथं वेगळंच दिसतं, म्हणून बराच वेळ बघत बसलो.

पण बाळा, मला खरं लिहायचंय ते विहिरींबद्दल.

चारी बाजूंनी खारं पाणी, आणि बेटाच्या मधोमध तीन गोड्या विहिरी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. तिकडं विहिरीला बाव म्हणतात. किल्ल्यात अजून काही घरं नांदती आहेत, त्यातली एक बाई पाणी शेंदत होती. तिनं आईच्या ओंजळीत कळशी वाकडी केली. आई प्याली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आपल्या जुन्या आडासारखं आहे." मीही प्यालो. घशाखाली उतरेना. पाणी गोडच होतं, मला २००३ चं साल आठवलं. तू बालवाडीत होतास. बोअर आटली होती आणि टँकरच्या पाण्यावर आपण वेली जगवल्या. रात्री टँकर आला की तू कंदील धरून उभा राहायचास, आई आणि मी प्रत्येक बुंध्याला तांब्या तांब्यानं घालायचो. इथं समुद्राच्या पोटात, त्या खडकावर, पाणी उभं आहे. बेटावर पडलेला पाऊस भेगांत मुरतो, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगून राहतं. कारण एवढंच. पण जागा निवडताना महाराजांनी आधी पाणी बघितलं असणार, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. शेतकऱ्याला ते विहिरीच्या काठावर उभं राहिलं की कळतं. त्या काठावर तू माझ्या शेजारी हवा होतास.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना बघितली. होडीनं जाळं अर्धगोल टाकून येतात आणि दोन्हीकडून माणसं दोर ओढतात. बाया, म्हातारे, पोरं, सगळे. मीही हात लावला. आपल्याकडं पूर्वी सावडीनं मोट चालायची तसंच, कष्टही वाटून आणि मासळीही वाटून. पलीकडं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथंही गेलो. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. आई तिथून उठायलाच तयार नव्हती.

जेवायला तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं होतं. आईसाठी वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी. वर सोलकढी. तिरफळाचा वास आधी नको वाटतो, दुसऱ्या दिवशी आपण होऊन मागतो. आपल्या चटणीचा जाळ त्यात नाही, पण नारळामुळं मासा पोटाला सोसतो.

खाजा मी करताना बघितला. बेसनाच्या बोटभर जाड कांड्या तळतात, गुळाचा पाक करून त्यात आलं घालतात आणि त्यात कांड्या घोळवत राहतात. पाक वाळला की वर पांढरट थर धरतो. तुला आलेपाक आवडतो, म्हणून घेतला. पहिला घास कडक लागेल, चावत राहा, आलं मागून येतं. डबा घट्ट लाव, सादळला की मजा जाते.

नव्या बागेसाठी खुंटाची रोपं, ज्यावर द्राक्षाचं कलम करायचं, पुढच्या महिन्यात लावतोय. कलम ऑगस्टनंतर. म्हणजे पुढच्या हिवाळ्यातही बागेला फळ नाही, मला सवड आहे. दिवाळी झाली की चार दिवस रजा टाक. साहेबांना आत्ताच सांगून ठेव. त्या काकूंना मी सांगून आलोय, आता आलो की तिघं येऊ.

आईनं पार्सलमध्ये लोकरीची टोपीही घातलीय. घाल.

तुझा,
अण्णा