३ डिसेंबरची तारीख

पुणे, १७ नोव्हेंबर २०२०

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा द्राक्षबागेतल्या डाऊनी रोगावर बोलू लागतात आणि आईचे गॅसवरचे दूध नेमके तेव्हाच उतू जाते, म्हणून भाऊबीज करून तासगावला परत निघालेल्या ताईच्या हाती हे पत्र देत आहे. आईची कर्करोगाच्या गाठीची शस्त्रक्रिया ३ डिसेंबरला इथे पुण्यात करायची, असे मी ठरवले आहे. आगाऊ रक्कमही भरली आहे. तुम्हाला विचारले असते तर ‘घडांची विरळणी होऊ दे’ असे उत्तर आले असते आणि मीही, नेहमीप्रमाणे, बरे म्हणालो असतो.

ऑगस्टमध्ये सांगलीतली तारीख रद्द झाली, त्यात कोणाचा दोष नव्हता. अतिदक्षता विभागातल्या खाटा, व्हेंटिलेटर, एवढेच काय, भूलतज्ज्ञसुद्धा कोरोनाच्या वॉर्डात गुंतले होते. गाठ हार्मोनवर वाढणारी असल्याने डॉक्टरांनी तोवर हार्मोन रोखणारी गोळी सुरू केली, तेही योग्यच झाले. चूक झाली ती माझी. सप्टेंबरात त्यांनी पुन्हा तारीख देऊ केली तेव्हा मीच नको म्हणालो. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोना झालेल्यांपैकी जवळजवळ २४ टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातले वाचून माझी झोप उडाली होती, पण त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या, हे मी नीट पाहिलेच नाही. या महिन्यात ‘बीएमजे’ या तशाच दुसऱ्या नियतकालिकात दुसरी बाजू आली: कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. आई, घाबरू नकोस. मुळात जेवढा धोका असतो त्याच्या सहा-आठ टक्के, शंभर माणसांतली सहा-आठ नव्हेत. शिवाय तू गोळी चुकवलेली नाहीस आणि गाठ वाढलेली नाही, हे सोनोग्राफीत दिसले आहे.

बाबा, ‘या दिवसांत दवाखान्यात जायचे म्हणजे रोग विकत घ्यायचा’ हे तुमचे म्हणणे मला पटत होते. पण परळच्या टाटा हॉस्पिटलात ऐन टाळेबंदीत, २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात, कर्करोगाच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांनंतर एकही रुग्ण दगावला नाही. इथेही कोरोनाच्या रुग्णांची इमारत वेगळी आहे, जिना वेगळा आहे, आणि आधी स्वॅब तपासल्याशिवाय कोणालाच आत घेत नाहीत. सोबत एकच माणूस राहू शकतो. तो मी असेन. जखमेतले पाणी काढणारी नळी आणि तिची बाटली असतानाच घरी पाठवतात, त्यामुळे दवाखान्यात फार दिवस काढावे लागणार नाहीत. बाटलीत किती जमले ते मी रोज मोजून लिहून ठेवीन. आई, तुझी खोली सकाळच्या उन्हाची आहे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली आहे, आणि सांगली आकाशवाणी मोबाईलवर लागते, तीही तपासून पाहिली.

मिरजेला माझ्या टॉन्सिलच्या वेळी तू रात्रभर माझा पाय धरून बसली होतीस, कारण हात धरला तर सलाईन हलेल अशी तुला भीती होती. अलीकडे ते फार आठवते.

आता दोघांनीही ऐका. आजपासून घरी कोणाला घेऊ नका. तुळशीचे लग्न दोघांतच लावा, काकू रुसल्या तर मी समजूत काढीन. बाबांनी मार्केट यार्डात जायचे नाही, बागेत जायचे तर मजुरांपासून लांब उभे राहायचे, आणि घसा जरी खवखवला तरी लपवायचे नाही. साखरेची गोळी वेळेवर घ्यायची. २८ तारखेला मी गाडी घेऊन येतो. पेठ नाक्यावर चहाला थांबणार नाही, तेव्हा थर्मास भरून ठेव. रिपोर्ट फ्रीजवरच्या पिवळ्या पिशवीत आहेत, पण बायोप्सीच्या काचा आणि ब्लॉक, म्हणजे गाठीच्या तुकड्याचे नमुने, अजून लॅबमध्येच आहेत, ते ताईला गुरुवारी आणायला सांगितले आहे. बाग चार दिवस दादा बघतो म्हणाला आहे. बाबा, त्याला फवारणीचे वेळापत्रक कागदावर लिहून द्या, तोंडी नको.

तुमचा,
बाळू